सरस्वतीबाईंची करवंदाची जेली

केकच्या डोक्यावर लालभडक गोटी बसवतात ना, ती चेरी असते असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या. ते आपलं साधं करवंद. म्हैसूरकडे त्याला कवळेकाई म्हणतात. हुणसूरच्या बायका बुट्ट्या भरभरून आणायच्या आणि बेकरीतले कामगार नागोजीराव मागच्या खोलीत ती मिठाच्या पाण्यात भिजवायचे, बिया काढायचे, उकळून उकळून आंबटपणा पार हाकलून लावायचे. मग रंग, मग साखरेचा पाक. करवंदाचं करवंदपण घालवलं की झाली चेरी! उभा जन्म त्यांनी हेच केलं. कोपरापर्यंत लाल हात घेऊन घरी यायचे.

घरी त्यांची बायको सरस्वतीबाई त्याच फळाची जेली करायच्या. फार न पिकलेली, गुलाबी झाक आलेली करवंदं निवडायच्या. चिकानं बोटं चिकटू नयेत म्हणून हाताला तेल लावायच्या. फळं शिजवून फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवायच्या. पिळायच्या मात्र नाहीत, पिळलं की रस गढूळ होतो. दुसऱ्या दिवशी साखर घालून आटवताना पातेल्यावर वाकून वास घेत उभ्या राहायच्या. आंबट वाफ नाकाला झोंबायची थांबली आणि फुलासारखा एक मंद वास उठला, की लगेच गॅस बंद. ना घड्याळ, ना चमच्यावर थेंब बघणं. बाटलीत ओतलेली जेली उजेडात धरली की माणिकासारखी दिसायची.

नुसती जेलीच नव्हे हो. उन्हाळ्यात सरबत, चिंचेऐवजी सारात चार करवंदं, गूळ घालून चटणी. गल्लीतली कुणी पोर फिकी पडली, कुणी बाळंतीण जेवेनाशी झाली, की सरस्वतीबाईंची वाटी तिकडे पोचलीच. "औषध नव्हे गं हे," त्या सांगायच्या. "औषध डॉक्टरकडचं घे. यानं सुम्ने, नुसती तोंडाला चव येते. चव आली की माणूस जेवतो."

आणि नागोजीराव? दर वर्षी पहिली बाटली फोडली की ताटाच्या कडेला वाटीत चमचाभर जेली यायची. ते बोटानं वाटी सरकवायचे. "बेडा गं, नको. दिवसभर तेच बघतो, तोच वास. आता घरातपण तेच?" पहिल्यांदा सरस्वतीबाईंनी आग्रह केला. पुढे नुसतं वाढायच्या. मग एका वर्षी वाढेनाशा झाल्या, आणि नागोजीरावांच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही. काय म्हणावं आता या माणसाला!

मध्ये एकदा कोपऱ्यावरचा दुकानदार चिदंबर घरी आला होता. अम्मांच्या बाटल्या दुकानात ठेवतो म्हणाला. सरस्वतीबाईंनी दाराआडून ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. पण नागोजीरावांचे पणजोबा रणोजीराव म्हैसूरच्या घोडदळात होते ना! तलवार कधीच मोडीत गेली होती, घोड्याची तर शेपूटसुद्धा उरली नव्हती, तरी मिशीचा पीळ तेवढा शाबूत. "आमच्या घरची बाई बाटल्या विकत बसणार? लोकांना फुकट वाट, हवी तेवढी वाट. विकायची नाही," असं त्यांनी चिदंबरच्या तोंडावर सांगितलं. स्वतः दुसऱ्याच्या बेकरीत चेऱ्या रंगवत होते, ते चालत होतं. ती नोकरी! सरस्वतीबाई "आय्तु, बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. वाटत मात्र राहिल्या.

मग कोरोनाचा ताप आला. दोघंही वाचले, पण सरस्वतीबाईंचा वास गेला. इतरांचा परतला, त्यांचा नाहीच. आंबट, गोड, खारट एवढं जिभेला कळायचं. पण तोंडातलं करवंद आहे की चिंच, हे डोळे मिटले तर सांगता येत नव्हतं. त्यांनी जेली करणं सोडून दिलं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "दूध उतू गेलेलं कळत नाही मला. जेली कुठली करू?"

यंदा त्यांच्या नव्या इमारतीत शेजारच्या फ्लॅटमध्ये साताऱ्याची विभावरी राहायला आली. नवरा-बायको दोघं कंपनीत. एका संध्याकाळी ती परदेशी जेलीची बाटली घेऊन आली, वर इवल्या लाल मण्यांच्या घोसाचं चित्र. "काकू, हे रेडकरंट. यात सी जीवनसत्त्व भरपूर, आणि फळ असंच खाल्लं तर पोटालाही चांगलं म्हणतात. तिकडे केकवर, आइसक्रीमवर घालतात, भाजलेल्या मटणासोबतसुद्धा खातात. चाखून बघा."

सरस्वतीबाईंनी सवयीनं बाटली नाकाशी नेली, आणि तशीच खाली ठेवली.

नागोजीरावांना ते बघवेना. ते ताडकन म्हणाले, "अहो, हे काय घेऊन बसलात! आमच्या हिची करवंदाची जेली खा, मग बोला. म्हैसूरात तशी जेली नाही!"

विभावरीचे डोळे चमकले. सोसायटीतल्या बायका गणपतीत खाण्याचे स्टॉल लावणार होत्या. "काका, काकूंची जेली ठेवू या? काकूंच्या नावानं?"

"ठेवा की," नागोजीराव म्हणाले. "त्यात काय विचारायचं?"

त्यात काय विचारायचं! सरस्वतीबाईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की त्यांनी मान खाली घातली. पण त्या रात्री सरस्वतीबाईंनीच करवंदं आणायला सांगितली. आपल्याला अजून जमतंय का, हे त्यांनाच बघायचं होतं.

नागोजीराव स्वतः मार्केटात जाऊन आले, हाताला तेल लावून निवडायला बसले. दुसऱ्या दिवशी रस गॅसवर चढला. सरस्वतीबाई नेहमीच्या जागी पातेल्यावर वाकून उभ्या राहिल्या. वाफेनं डोळ्यांतून पाणी आलं, नाकाला काही कळलं नाही. नुसत्या नजरेच्या अंदाजानं त्यांनी गॅस बंद केला.

जुनी जेली खाल्लेलं आता जवळ कुणी नव्हतं. चिदंबर गेला, गल्लीतली घरं पाडून इमारती झाल्या. मुलगा रक्षित बोटानं बाटली पुसून खायचा, पण तो कॅनडात, आणि चव काही फोनवर पाठवता येत नाही. जेली निवली तशी सरस्वतीबाईंनी चमचा भरून नवऱ्यापुढे धरला.

"तुम्हीच सांगा आता. माझी व्हायची तशी झालीय का?"

नागोजीरावांनी चमचा तोंडात घातला. आधी आंबट, मग गोड, आणि मागाहून कुठूनसा हलका सुवास. जे घालवण्यात आपला जन्म गेला ते हे होतं तर! त्यांनी मनात सगळीकडे धुंडाळलं, पण या चवीची आठवण कुठेच नव्हती. एकही नाही.

"झालीय," ते घाईनं म्हणाले. "अगदी तश्शीच."

"कशी तशीच?"

त्यांनी रिकामा चमचा पुन्हा तोंडात घातला.

"कधी खाल्ली होतीत?" सरस्वतीबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"अगं, पण छान झालीय. खरंच सांगतो, फार छान झालीय."

"असेल. छान आहे का, ते नव्हतं विचारलं मी." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "विभावरीला सांगा, नको म्हणून. माझी आहे की नाही हे मलाच ठाऊक नाही, तिच्यावर माझं नाव कसं घालू?"

त्या बाहेर जाऊन बसल्या. नागोजीराव पातेल्याशी उभे राहिले, आणि त्यांनी दुसरा चमचा भरून घेतला. नंतर तिसरा. ही बायकोच्या हातची चव होती की नव्हती, हे सांगायला घरात एकच माणूस उरला होता, आणि त्यानं ती कधी चाखलीच नव्हती.