वीणा खाली टेकली नाही

मार्गशीर्षात आमच्या जैनथकडच्या सीमाभागातल्या गावात दत्तजयंतीचा सप्ताह बसला आणि तिकडे बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. घरातली मी पहिली पदवीधर, शाळेत भूगोल शिकवते, म्हणून सगळे मलाच विचारत. मोबाइलवर पाहून मी सांगायची, चक्रीवादळ झालंय, पण ओडिशाकडे चाललंय. मग ते समुद्रातच थबकलं, मागे फिरलं आणि आमच्या बाजूला वळलं. माझा धीर सुटला. सप्ताह थांबवू या, असं मी आईला म्हटलं. भाजीच्या पाट्या वाहून मला शिकवणारी माझी आई हसली. "वादळाले इचारून बसवला का सप्ता?"

सप्ताहभर वीणा जमिनीला टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वादळ पोचलं त्या दुपारी वीणा घेऊन उभं राहण्याचा पहारा आईचा होता. किनाऱ्यावर येऊन वादळ मोडलं होतं, तरी त्याचा उरलासुरला वारा-पाऊस आमच्यावर आला. मंडपाचे पत्रे उचलले जाऊ लागले. ते धरून ठेवायला अख्खं गाव दोरांना लोंबकळलं, मीही. नाल्याला पूर आला आणि पुढचा विणेकरी पलीकडेच अडकला. चिकनगुन्याने आखडलेले आईचे खांदे थरथरताना मला दिसत होते. पण दोर सोडला असता तर पत्रा तिच्याच अंगावर आला असता. मी दत्ताचं नाव घेत राहिले. तो ऐकतो का, ही शंका मनात होतीच.

नाल्यापाशी अडकलेल्या बसमधले प्रवासी आडोशाला मंडपात आले. त्यांतली एक तेलुगू म्हातारी आईपुढे उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "इव्वम्मा." म्हणजे, दे बाई.

वीणा पाय धुऊनच घ्यायची असते. आईने तिच्या पायांकडे पाहिलं. "पाय धुतले का, माय?"

म्हातारीने साडी जराशी उचलून पावसाने निथळणारे पाय दाखवले. दोघी हसल्या. आईने वीणा तिच्या गळ्यात घातली. आमचे अभंग तिला येत नव्हते. "गोविंदा, गोविंदा" म्हणत ती उभी राहिली.

दिवस मावळायच्या आत वारा पडला. मोबाइलवर वादळाच्या जागी नुसते विरळ ढग उरले होते. पाणी उतरलं, विणेकरी आला, बस निघून गेली. म्हातारीचं नाव विचारायचं राहिलंच. तिला दत्तानेच धाडलं, असं गाव म्हणतं. मी वाद घालत नाही, हात जोडते.

वीणा टेकली नाही याचा गावाला अभिमान आहे, मलाही आहे. पण त्याहून मोठा अभिमान मला आईचा वाटतो. पहारा माझाच, असा हट्ट तिने धरला नाही. हात थकले तेव्हा समोर आलेल्या अनोळखी हातांत तिने देवाचं देवाला सोपवलं. शरण जाणं म्हणजे काय, ते मी त्या दुपारी पाहिलं.

संध्याकाळी पंगतीत तिचा हात तोंडापर्यंत जाईना. मग मीच तिला घास भरवले, सगळ्या गावासमोर, ताठ मानेने.