डब्यातला कोळसा

रात्रीची उरलेली कोंबडी भाकरीत गुंडाळून डब्यात भरली, ते मी आन् बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम. सात वर्सं झाली, पण आज सुनेनं तव्यावर चिकन परतलं आन् त्या वासानं जीव घाबरा झाला.

बायकोची छाती दुखायची म्हणून त्या दिवशी वडगावला दवाखान्यात निघालो होतो. दोघांनी डबा भरल्यावर तिनं वर कोळशाचा खडा ठेवला. कोंबडीच्या वासानं वाटंत भूत मागं लागतं, कोळसा असला की लागत न्हाई, असं आमच्यात मानतात. ती लुगडं बदलाय गेली तवा मी कोळसा चुलीमागं फेकला. म्हणलं भाकरी काळी व्हईल, दुसरं काय.

एष्टीत तिनं इचारलं, "अवो, कोळसा हाय न्हवं?"

"हाय की. भूत काय तिकीट काढून येतंय?"

"तुमी शेजारी असताना दुसरं भूत कशाला येतंय!" ती हसली आन् निवांत बसली. मला मात्र तितनं पुढं चैन पडंना.

सांजच्याला दवाखान्यातच तिचा जीव गेला. डाक्टर म्हणला, हार्ट. त्याचं खरं असंल. पण मी खोटं बोललो, ते बी खरंच हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीमागं हात घालून मी तो कोळसा हुडकला, आन् न उघडलेल्या डब्यात ठेवला.