जग फिरून आलेला आचारी

हणमंतराव बिरादार जग फिरून आलेत, हे काचीगुड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा. रोम, पॅरिस, कैरो, इस्तंबूल. त्यांच्या फ्रिजच्या दारावर या सगळ्या गावांची चुंबकं चिकटवलेली आहेत. दार उघडताना एखादं खाली पडलं, तर त्यांची बायको, कुसुमताई, आधी ते उचलणार आणि मग दूध आत ठेवणार. मी समोरच्या दारात राहते, त्यामुळे हे वैभव मी रोज बघत आले.

हणमंतराव मूळचे उदगीरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, पण हाताला चव म्हणून आचारी झाले. स्टेशनजवळ त्यांची मराठी मेस होती. तिथं पुण्याचा एक टूरवाला जेवला आणि यांना घेऊनच गेला. आपल्या लोकांची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे. पिरॅमिड बघायला हौसेनं जातील, पण संध्याकाळी पानात वरणभात पाहिजे. रोममध्ये कुणाची तरी संकष्टी निघतेच. तेव्हा टूरबरोबर आचारी जातो, आणि आचाऱ्याबरोबर तांदूळ, गोडा मसाला, साबुदाणा आणि दोन मोठे कुकर.

दर टूरहून परतले की हणमंतराव गॅलरीत बसून कुसुमताईंना सगळं सांगायचे. माणूस सांगायचा मात्र झकास. पॅरिसच्या म्युझियममधली चित्रातली ती बाई आपण सरकू तिकडं कशी बघते, कैरोत सोन्याच्या मुखवट्यासमोर माणसं कशी गप्प होतात, रोमच्या त्या पडक्या गोल मैदानात वाघसिंह कुठून सोडायचे. कुसुमताई कपडे घडी करता करता थांबायच्या. मग हेच सगळं हळदीकुंकवाला आमच्यापर्यंत यायचं, "आमच्या ह्यांनी डोळ्यांनी बघितलंय," या शिक्क्यासकट. मला कधी कधी कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. पण त्यांचा चेहरा बघून मी चहा घेत ऐकायची.

कुसुमताईंची स्वतःची हौस किती, तर सालारजंग म्युझियममधलं घड्याळ. लग्न होऊन आल्या तेव्हापासून ऐकत होत्या की तास झाला की घड्याळातून एक छोटा माणूस बाहेर येतो, टोले देतो आणि परत आत जातो. तो माणूस त्यांना बघायचा होता. काचीगुड्याहून सालारजंग म्हणजे काय लंडन आहे? एकदा दोघं नटूनथटून निघालेही. नयापुलाजवळ उतरून फाटकापाशी गेले, तर फाटक बंद. शुक्रवार होता, आणि शुक्रवारी म्युझियमला सुट्टी. दोघं मिरचीभजी खाऊन परत आले.

त्यानंतर त्या विषय काढायच्या आणि हे म्हणायचे, "गावातलंच तर आहे. कधीही बघता येतं. जग बघून आलेल्या माणसाला घड्याळ काय दाखवतीस?" हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. कुसुमताई हसायच्या. नवऱ्यानं जग पाहिलं याचा अभिमान इतका, की आपली हौस त्यापुढं त्यांनाच किरकोळ वाटायची. मुलगी राणी बंगळुरूहून यायची तेव्हा ती न्यायला तयार असायची. पण कुसुमताईंचं एकच, "ह्यांच्याबरोबर बघीन."

मग त्यांना अंधुक दिसायला लागलं. घरात सगळ्यांचं ठरलं की मोतीबिंदू असणार. आणि मोतीबिंदू म्हटला की आपल्याकडे जुनं शहाणपण तयार असतं, पिकू द्या, मग काढू. हणमंतराव म्हणाले, ही युरोपची टूर झाली की दाखवू. मग इजिप्तची झाली की. शेवटी दाखवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की हा काचबिंदू आहे, पिकायची वाट बघायचा हा रोगच नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. हणमंतरावांनी टूर सोडल्या. तोवर कुसुमताईंना खिडकीत उजेड आहे की नाही, एवढंच कळत होतं.

आता त्या फ्रिजसमोर उभ्या राहून चुंबकांवरून बोट फिरवतात. "हा मनोरा, म्हणजे पॅरिस. हे खडबडीत, रोम." एकही चुकत नाही.

गेल्या महिन्यात हणमंतराव माझ्याकडे आले. कुसुमताई त्यांना म्हणाल्या होत्या, दिसत नाही तर नाही, पण टोले तरी ऐकू; तुम्ही शेजारी बसून सांगा, पॅरिसचं सांगितलं तसं. दोघांना घेऊन मी सालारजंगला चलावं, असं हणमंतरावांचं म्हणणं.

"मी कशाला? तुम्ही आहात की," मी म्हटलं.

ते खुर्चीच्या कडेला बसले. "त्रिवेणीबाई, म्युझियमात चपला काढाव्या लागतात का?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. मग ते सांगायला लागले. मंडळी सकाळी पोहे खाऊन बसमध्ये बसायची, आणि हे हॉटेलच्या मुदपाकखान्यात संध्याकाळच्या तयारीला लागायचे. पॅरिसमध्ये बटाटे सोलले, कैरोत पन्नास माणसांची कणीक मळली. पुढच्या वेळी जाऊ, असं पहिल्या टूरला वाटलं, आणि पुढच्या वेळीही माणसं जेवणारीच होती. संध्याकाळी वाढताना मंडळी आपसात बोलायची, ते यांच्या कानावर पडायचं. तेच गॅलरीत येऊन सांगायचे. "मी बसमधून जेवढं दिसलं तेवढंच बघितलं. दाराच्या आत एकदा बी गेलो नाही."

मला आधी हसू आलं आणि पाठोपाठ राग. "मग तिला घड्याळ का नाही दाखवलंत?"

"आत गेल्यावर तिला कळलं असतं. मला काय बी ठाऊक नाही हे." त्यांनी चष्मा पुसला. "आधी नुसती फुशारकी होती. मागून भीती झाली."

एका खोट्यापायी बायकोची हौस बुडाली आणि टूरांपायी डोळे गेले, असं तोंडावर म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. त्यांना बघून गिळलं. शुक्रवार टाळून, बाराचे टोले ऐकायला आम्ही निघालो. कुसुमताईंनी ठेवणीतली पोचमपल्ली साडी नेसली होती. चादरघाटला गर्दी लागली, तेव्हा त्या सारख्या बारा वाजून जातील का म्हणून विचारायला लागल्या. रिक्षावाला म्हणाला, "कैकू परेशान होरे अम्मा, बारा के पैले पौंचाता मैं."

पोचलो वेळेवर. घड्याळासमोर बाकांवर शाळेची पोरं, बाहेरगावची माणसं, सगळी आधीच जागा धरून बसली होती. कुणीतरी कुसुमताईंना पुढं जागा दिली. एका बाजूला मी, एका बाजूला हणमंतराव. बारा वाजत आले तशी पोरं आपोआप गप्प झाली.

"सांगा," कुसुमताई म्हणाल्या.

"घड्याळ आहे. मोठं आहे."

"कसं दिसतं?"

"लाकडाचं. काच आहे." ते थांबले. गॅलरीत बसून पॅरिस उभं करणाऱ्या माणसाला शब्द सापडेनात. दुसऱ्यांनी बघितलेलं त्यांना पाठ होतं. हे त्यांचं त्यांना बघायचं होतं.

घड्याळातलं छोटं दार उघडलं आणि तो इवला दाढीवाला माणूस बाहेर आला. पोरांमध्ये हलकी कुजबुज झाली. कुसुमताईंनी हणमंतरावांचं मनगट धरलं. "आला का हो? काय करतोय?"

हणमंतराव पुढं वाकून बघत होते. तोंड उघडं, डोळ्यांना धार. टोले पडत गेले. दर टोल्याला कुसुमताई त्यांच्याकडे मान वळवत होत्या, आणि त्यांना एक अक्षर फुटत नव्हतं. मी तरी सांगायला हवं होतं. पण तो हक्क माझा नव्हता. माणूस आत गेला, दार लागलं, लोक उठले.

"झालं?" कुसुमताईंनी विचारलं.

"झालं."

मग नवऱ्याच्या हातावर थोपटून, अगदी समजूत काढल्यासारखं म्हणाल्या, "राहू द्या. एवढं मोठमोठं बघून आलेल्या माणसाला ह्याचं काय सांगावंसं वाटणार? माझाच आपला हट्ट."

मला तिथं बसवेना. बाहेर पाण्याच्या बाटल्या घेताना मी हणमंतरावांना गाठलं. म्हटलं, आता सांगून टाका, तिला राग येईल तो येईल.

"राग आला तर बरंच की," ते म्हणाले. "पण तिच्याजवळ आता बघायला तेवढंच आहे, त्रिवेणीबाई. पॅरिस, रोम, सगळं मी दिलेलं. ते खोटं हाय म्हणलो तर तिनं दिवसभर काय बघावं?"

मी पाण्याचे पैसे दिले आणि कुसुमताईंना आणायला आत वळले.

रस्त्यावरच्या एका दुकानात त्यांनी घड्याळाचं चुंबक घेतलं. घरी आल्यावर मी त्यांच्याकडेच चहाला थांबले. कुसुमताईंनी चुंबक हातात घेतलं, बोटानं चाचपलं, त्यावरचं छोटं दार कुठं आहे ते विचारून घेतलं आणि नवऱ्याला परत दिलं.

"वर नका लावू," त्या म्हणाल्या. "वर तुम्ही बघितलेली मोठी गावं आहेत. हे खाली कोपऱ्यात लावा, गावातलंच आहे."

हणमंतराव ते चुंबक हातात धरून फ्रिजसमोर उभे राहिले. एवढ्या सगळ्या चुंबकांत त्यांनी स्वतः बघितलेलं ते एकच होतं. मग ते खाली वाकले आणि कोपऱ्यात लावलं.