मिठाच्या टबातले तीस मासे

ऑगस्टचा पहिला रविवार. रक्कम पंचेचाळीस हजार, माझी, मेहुण्याच्या मत्स्यशेतीत घातलेली. हजर: मी, बायको, तिचा धाकटा भाऊ म्हणजे हा मेहुणा, आणि निपाणीकडचे माशांचे डॉक्टर. त्यांना सगळे अण्णा म्हणतात.

जागा आयटी कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे, भाड्याची. ताडपत्रीची एक गोल टाकी, तीत सहाशे रोहू. मेहुण्याने ऑफिस-कॅब विकून हे मांडलं होतं. मासे गेले तर त्याला दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून बसावं लागलं असतं. आणि मासे चार दिवस पाण्याबाहेर तोंडं काढून धापा टाकत होते.

अण्णांनी एक मासा धरून कल्ल्याचं झाकण कात्रीने कापलं. आत लालभडक काही असेल असं मला वाटलं होतं. होता फिकट, शेंबडासारखा थर. त्यातला तांदळाएवढा तुकडा काचेवर ठेवून त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. जळवांसारखे लांबत-आखडत हलणारे किडे, प्रत्येकाच्या डोक्यावर चार काळे ठिपके. सतरा मोजले, मग तोंड फिरवून बाजूला जाऊन बसलो.

"दाजी, पाणी देऊ?" मेहुण्याने विचारलं.

"टाकीतलं नको देऊ म्हणजे झालं," बायको म्हणाली.

उपाय सोपा होता. शंभर लिटर पाण्यात तीन किलो मीठ, त्यात पाच मिनिटं मासे, मग स्वच्छ पाणी. मीठ मी स्वतः तोललं. तीस मासे टबात सोडले. दुसऱ्याच मिनिटाला ते ओकू लागले. खाद्याचा तपकिरी लगदा, त्यात कल्ल्यांतून सुटलेल्या चिकट तारा, आणि माझे हात कोपरापर्यंत त्यातच. तो वास तीन वेळा साबण लावूनही गेला नाही.

"सकाळी खायला घातलं?" अण्णा ओरडले.

"मग! रिकाम्या पोटी औषध कसं द्यायचं? अक्कानेच फोनवर सांगितलं."

आमच्या घरी गोळीआधी निदान एक बिस्किट खावंच लागतं. मीही त्याला हेच सांगितलं असतं.

"माशाला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायचं असतं, सार."

तिसांतले बावीस मेले. बाकीच्यांचं काम उद्यावर गेलं.

"उद्यापर्यंत टिकतील?" मेहुण्याने विचारलं.

"टिकतील तेवढे. आज एक दाणा घालायचा नाही."

सोमवारी मी रजा टाकली. रात्रीत अकरा मेले होते. उरलेल्यांच्या एकोणीस खेपा केल्या. या वेळी ओकारी नव्हती, फक्त बुळबुळीत पांढरा फेस. तो मी मगाने काढून टाकत राहिलो. मासे तात्पुरत्या हौदात ठेवून टाकी उपसून घासली. किड्यांची अंडी मागे राहतात म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा हेच सगळं केलं. त्यानंतर मासे खाली पोहू लागले. उरले पाचशे एकतीस; बाकीचे मधल्या दिवसांत गेले.

अण्णांचे तीन फेऱ्यांचे साडेचार हजार होत होते. पहिल्या फेरीचे त्यांनी घेतले नाहीत. "उपाशी ठेवा म्हणून आधी सांगणं माझं काम होतं, सार." तीन हजार दिले, अण्णांना, मेहुण्याने स्वतःच्या खात्यातून.