रिकाम्या होल्डरची माळ

भुताखेतांचं मला कधीच पटलं नाही. या सदरातले अनुभवसुद्धा मी चहा पिता पिता वाचते आणि निम्म्यांत चुका काढते. माझा खवचटपणा घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आज स्वतःच लिहायला बसलेय... कारण हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यातली चूक मला आजवर सापडलेली नाही.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. बेळगावात लष्करी कॅम्पाला लागून आमचं भाड्याचं घर होतं. आई आम्ही लहान असतानाच गेलेली. वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, कॅम्पातल्या बंगल्यांत वायरिंगची कामं करायचे. घर सांभाळायला त्यांची थोरली बहीण, आमची आत्या. मी सतरा वर्षांची होते, आणि माझी मोठी बहीण आक्का निपाणीच्या सासरहून पहिल्या बाळंतपणाला आली होती. तिला मुलगी झाली.

आमच्याकडची रीत अशी, की बाळंतिणीच्या खोलीतला दिवा दहा दिवस विझू द्यायचा नाही. तेलाचा दिवा, रात्रंदिवस. पण लहानपणी चुलीपाशी आक्काचा परकर पेटला होता आणि हात कोपरापर्यंत भाजला होता. तेव्हापासून तिला ज्योतीची एवढी धास्ती, की शेकायची शेगडीसुद्धा आत्याला उंबऱ्याबाहेर ठेवावी लागली.

"माझ्या पोरीजवळ दिवा नको गं आत्या, पाया पडते," म्हणून ती रडायला लागली.

आप्पांनी तोड काढली. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या बंगल्यातून त्यांना नाताळची दिव्यांची माळ मिळाली होती. इवले इवले वीस बल्ब. खोलीत विजेचा पॉइंट एकच. तिथला मोठा बल्ब काढून त्यांनी माळ जोडली आणि हात पोचणार नाही अशी भिंतीच्या वरच्या कडेनं फिरवली.

"ना धूर, ना ज्योत. पोरीच्या डोळ्यावरबी येणार न्हाय. वर्षभर ऱ्हायली तरी काय बिघडतंय?"

"वर्षभर?" आत्या कडाडली. "बाळंतिणीची खोली हाय का पाद्र्याचं चर्च, रं?"

पण काय सांगू, तो उजेड! हळद घातलेल्या दुधाच्या रंगाचा. गल्लीतल्या बायका दारातून डोकावायच्या आणि "तुमच्यात काय रोजच दिवाळी?" म्हणून चिडवायच्या. आक्का पोरीला पाजताना वर बघून हसायची. आई गेल्यापासून आमच्या घरात एवढं सुख मी पाहिलं नव्हतं. आत्यासुद्धा दुपारी पाठ टेकायला त्याच खोलीत यायला लागली, आणि वर म्हणायची, गार वाटतंय म्हणून येते.

पाचव्या दिवशी दुपारी माळ विझली. अशा माळेचं एक असतं — वीज एका बल्बातून पुढच्या बल्बात जाते. एक गेला की सगळे गेले. आप्पांनी शिडीवर चढून एकेक तपासला, दाराकडून सहावा उडाला होता. तो काढून खिशात घातला. "तसंच जोडलं तर बाकीच्यांवर ताण येतोय. जोडीचा बल्ब बघून येतो," म्हणत ते कॅम्पाच्या बाजारात गेले. सहावा होल्डर रिकामाच राहिला.

दिवेलागण झाली तरी आप्पा आले नाहीत. त्या दिवशी पाचवी. सटवाई बाळाच्या कपाळावर नशीब लिहायला येते म्हणून आत्यानं पाटा-वरवंटा मांडून कोरा कागद ठेवला होता. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद. आत अंधार. आक्का अंगात तापाची कसर असल्यानं गाढ झोपली होती.

"कंदील आण जा. भाईरच ठेवू, तिला दिसायचा न्हाय," आत्या कुजबुजली आणि माजघरात गेली.

मी स्वयंपाकघरात जाऊन कंदिलाची काच पुसली, वात लावली आणि परत आले. पाच मिनिटं लागली असतील.

खोलीत माळ लागली होती.

सगळे एकोणीस बल्ब. मंद, स्थिर. दाराकडून सहावा होल्डर उघडा, रिकामा... मी तो नीट पाहिला. आणि मग नजर खाली गेली. पोरीच्या नाकातोंडातून दूध आलं होतं. ओठ निळे पडले होते. ती रडत नव्हती, हलतही नव्हती.

कंदील मी कुठे ठेवला आठवत नाही. पोरीला उचललं, हातावर पालथी घातली आणि पाठीवर थापट्या मारल्या. एक, दोन, तीन... आणि मग तिनं असा टाहो फोडला, की आक्का धडपडून उठली आणि आत्या माजघरातून धावत आली.

आत्यानं पोरीला पाहिलं, वर माळेकडे पाहिलं आणि हात जोडले.

"लिवायला आलती गं. तिला तरी अंधारात कसं दिसंल?"

तेवढ्यात आप्पा आले. ते दारातच थबकले. खिशातून जुना बल्ब काढला, रिकाम्या होल्डरकडे पाहिलं, पुन्हा बल्बकडे पाहिलं. आमच्या देखत माळ हळूहळू मंदावत विझली. नवा बल्ब बसवल्यावर परत लागली. त्यानंतर आप्पांनी तो सहावा बल्ब शंभरदा काढून पाहिला असेल. प्रत्येक वेळी अख्खी माळ बंद.

आप्पांच्या मनात माळ काढून टाकायचं होतं. आपलं न ऐकणारी तार घरात नको, म्हणाले. आक्कानं ऐकलं नाही.

"तिनं माझं बाळ दाखवलंय. तिला हात लावायचा न्हाय, आप्पा."

माळ वर्षभर तिथंच राहिली. निपाणीला परत जाताना आक्का पोरीबरोबर तिलाही घेऊन गेली. आज ती पोरगी स्वतः आजी झालीय.

आप्पांना मी पुष्कळदा विचारलं. ते म्हणायचे, "तारंचं मला समदं ठावं हाय गं. त्या सांजचं न्हाय." मलाही ठाऊक नाही. कुणी वायरमननं समजावलं तर मी आनंदानं ऐकेन. त्या उजेडाची भीती मला तेव्हाही वाटली नव्हती, आजही वाटत नाही. पण कधी कधी भरदुपारी, काहीबाही निवडत बसलेली असताना, मनात येतं, त्या दिवशी माळ लागली नसती तर... आणि मी उठून दिवा लावते.