कॉलेजला आलेली पाठराखीण

आमच्याकडे पोरगी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्यासोबत घरातली एखादी जाणती बाई जाते. तिला पाठराखीण म्हणतात. नव्या घरात पोरीनं बुजू नये, पोट दुखलं तर सांगायला कुणी हक्काचं असावं, म्हणून तिनं दोन-चार दिवस तिथं राहायचं, पाहुणचार घ्यायचा आणि नवरीला सोबत घेऊन माहेरी परतायचं. मी सासरी गेले तेव्हा माझ्यासोबत कुणीही आलं नाही. तोवर सगळ्यांची खात्री पटली होती की ही बया कुठंही एकटी जाऊ शकते. पण त्याच्या सहा-सात वर्षं आधी मी कॉलेजला गेले, तेव्हा मात्र मला रीतसर पाठराखीण होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या शाळेतून मी मॅट्रिक झाले आणि औरंगाबादच्या एका कॉलेजात माझं नाव लागलं. आमच्या बौद्ध वस्तीतून तोवर एकही पोरगी लग्नाशिवाय गाव सोडून गेली नव्हती. त्यामुळे पोरीला गावाबाहेर धाडायची एकच पद्धत बायांना ठाऊक होती, आणि त्यांनी तीच लावली. घराघरातून शेवया आल्या, कुरडया आल्या, तिखटाची पुरचुंडी आली. जुन्या लुगड्यांची नवी वाकळ शिवून झाली. निघायच्या दिवशी दोघीतिघींनी सवयीनं रडायलाही सुरुवात केली, तेव्हा माझ्या बापानं त्यांना आठवण करून दिली की पोरगी दिवाळीला घरी येणार आहे.

प्रश्न होता पाठराखिणीचा. आईच्या मांडीवर तान्हं होतं. तेव्हा आत्या पुढं झाली. ती बापाची थोरली बहीण. नवऱ्यानं लग्नानंतर दोन वर्षांत टाकून दिली, तेव्हापासून आमच्याच घरात राहायची. अंगानं दणकट, तोंडानं फटकळ. दुष्काळी कामावर खडी फोडताना तिनं मुकादमाच्या हातात हातोडा देऊन त्यालाही पाटीभर खडी फोडायला लावली होती. वस्तीतल्या प्रत्येक लग्नात पापड लाटायला, पाणी भरायला, नाचायला ती पुढं असायची. पाठराखीण म्हणून मात्र तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं टाकलेली बाई नव्या नवरीसोबत कशी धाडायची, असा विचार. धर्म बदलला, घरातले देव गेले, तरी असले विचार कोपऱ्यात बसून राहतातच.

शेजारची काकू तेच हळूच बोलली. आत्याला हळू बोललेलं जास्त ऐकू यायचं. ती म्हणाली, "अगं, हिला नांदाया न्हाई, शिकाया धाडून राह्यलोत. तितं टाकायला नवरा हाय का?"

सगळ्या बाया हसल्या, काकूही हसली, आणि आत्याचं जाणं ठरलं.

आत्यानं सोबत आपला लोखंडी तवा घेतला. पाटा-वरवंटाही घेणार होती, पण बापानं अर्धा तास हातापाया पडून तो ठेवायला लावला. तव्याबद्दल मात्र तिनं ऐकलं नाही. जालन्याला गाडी बदलताना वाकळ माझ्या डोक्यावर, शेवयांचा डबा तिच्या डोक्यावर आणि तवा तिच्या काखेत. कंडक्टरनं विचारलं, मावशी, पोरीचं लगीन कुठं आहे. आत्यानं सांगितलं की नवरदेव अजून पाहायचाय, पोरगी आधी शिकून घेणार आहे. सगळी गाडी मागं वळून माझ्याकडं बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलींच्या वसतिगृहावर पोचलो आणि पहिल्याच दिवशी आमच्या पायाखालची जमीन सरकली. ॲडमिशनच्या वेळी बापाला सांगितलं होतं की मुलीला सरकारी शिष्यवृत्ती मिळेल, खाण्याराहण्याची फिकीर करू नका. बापानं ते अक्षरशः धरलं. दोन शेळ्या विकून त्यानं फी भरली आणि पुढचं सरकारवर सोडलं. आता रेक्टरबाई शांतपणे सांगत होत्या की शिष्यवृत्ती मिळेल, नक्की मिळेल, पण ती यायला संक्रांत उजाडते. तोवर मेसचे पैसे दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत भरावे लागतील, नाहीतर खोली सोडावी लागेल. आणि पाहुण्यांना वसतिगृहात मुक्काम करता येणार नाही. आत्यानं रात्रीपुरती जागा मागितली, ती तेवढी मिळाली.

खोटं कशाला बोलू, मला आतून बरंच वाटलं. त्या लांबच्या लांब व्हरांड्यात मला दुपारपासून रडू येत होतं. खोलीतल्या दोघी शहरातल्यासारख्या बोलत होत्या. पैसेच नाहीत म्हटल्यावर घरी परतले तरी कुणी मला बोल लावणार नव्हतं. शिवाय पाठराखीण परत निघाली की नवरीही परत जाते, ही तर रीतच. मी आत्याला विचारलं, सकाळी किती वाजताची गाडी. ती मेसच्या दाराशी उभी राहून आतलं बघत होती.

आत स्वयंपाकीणबाई एकट्याच पन्नास-साठ मुलींच्या पोळ्यांशी झुंजत होत्या. हाताखालची बाई महिन्यापूर्वी सोडून गेली होती. पोळ्या अशा होत होत्या की एक टोक दातात धरून दुसरं ओढावं लागे. बहुतेक मुली खेड्यातल्या, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या. त्या मुकाट्यानं ओढत होत्या. आत्याला ते बघवलं नाही. ती तवा घेऊन आत गेली.

स्वयंपाकीणबाईंनी तिला गाव विचारलं, मग थोडं थांबून जात विचारली. आत्यानं दोन्ही सांगितलं आणि विचारलं की ज्वारीचं पीठ कुठं आहे. बाईंनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं, मग पन्नास-साठ ताटांकडं पाहिलं, आणि डबा पुढं सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या रेक्टरबाईंपुढं उभी होती. दोन्ही वेळच्या भाकरी मी थापीन, पगार मला नको, तो पोरीच्या मेसमध्ये धरा, असा तिचा हिशोब. रेक्टरबाई काटेकोर होत्या, पण आदल्या रात्रीची भाकरी त्यांनीही खाल्ली होती. पाहुणी म्हणून आत्याला तिथं राहता येत नव्हतं, कामवाली म्हणून येत होतं. कोठीशेजारची एक खोली तिला मिळाली. मी गाडीची वेळ परत विचारली. आत्या म्हणाली, "संक्रांतीची गाडी हाय. तवर गुमान शिक."

मी त्या दिवशी तिचा फार राग केला.

मग ते दिवस कसे गेले ते आजही आठवलं की हसू येतं. आत्या पाठराखीण म्हणून आली होती आणि ते काम ती सोडायला तयार नव्हती. मी वर्गातून आले की पहिला प्रश्न, कुणी काय बोललं का. मास्तर इंग्रजीत बोलले, असं मी सांगायची. मग ती मास्तरांची कीव करायची. हळूहळू तिची पाठराखण माझ्यापुरती राहिली नाही. कुणाला ताप आला की दवाखान्यात आत्या. कुणाचं घरून पत्र आलं नाही की तिच्याजवळ बसायला आत्या. माझ्या खोलीतल्या त्या शहरी बोलणाऱ्या दोघींपैकी एक परतूरकडची निघाली, आणि चुलीपुढं बसून ती अशी अस्सल गावरान बोलायची की मीच बघत राहायची. शेवया-कुरडया तर पहिल्या पंधरवड्यातच सगळ्यांनी मिळून संपवल्या.

दर सोमवारी आत्या कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीची चौकशी करायला जायची. पहिले दोन सोमवार कारकून तिच्यावर खेकसला. तिसऱ्या सोमवारी ती त्याच्यासाठी फडक्यात भाकरी आणि ठेचा घेऊन गेली. नंतर नंतर तो तिला फाटकातून येताना पाहूनच खिडकीतून ओरडायचा, "न्हाई आली, आत्या." ती तिथूनच माघारी फिरायची.

दिवाळीत मी आठ दिवस गावाकडं जाऊन आले. परत येताना गाडीत रडले नाही, हे मला औरंगाबादच्या स्टँडवर उतरल्यावर लक्षात आलं.

संक्रांत झाली आणि एका सोमवारी कारकूनच खुर्चीवरून उठून बाहेर आला. शिष्यवृत्ती आली होती. मागच्या महिन्यांचीही एकदम. मी सही केली, पुढच्या महिन्यांचे पैसे मेसमध्ये भरले, वर थोडे उरले. आत्याचं काम संपलं. रेक्टरबाईंनी तिला पगारावर राहायला सांगितलं, रोख पगार, खोली आणि जेवण. आत्या म्हणाली, पाठराखीण इतके दिवस राहत असते का, लोक काय म्हणतील. तिनं तवा जुन्या लुगड्यात गुंडाळला. मुलींपैकी कुणी तिच्याशी धड बोलेना.

मी तिला स्टँडवर सोडायला गेले. जालन्याची गाडी लागली होती. आत्या पायरीशी थांबली आणि माझ्याकडं न बघता बोलली, "रीतीपरमानं तुला संगं न्याया पायजे. यायचं का?"

मी म्हणाले, "न्हाई."

हे इतकं पटकन तोंडातून निघालं की मला तिचंच वाईट वाटलं. मी काहीतरी सावरून बोलणार होते. पण आत्या हसत होती. डोळ्यांत पाणी होतं आणि हसत होती. म्हणाली, "मंग मलाबी न्हाई जायचं, माय. तितं माझं काय हाय? भावाचं घर. हितं पगार हाय, साठ लेकी हायत."

कंडक्टरनं घंटी मारली. आम्ही दोघी खाली उभ्या राहून गाडी जाताना पाहिली. मग शिष्यवृत्तीतल्या उरलेल्या पैशातून मी तिला गरम भजी खाऊ घातली. माझ्या पैशानं मी कुणाला काही खाऊ घातल्याची ती पहिली वेळ. परत चालत येताना तवा मी घेतला होता, आणि चांगलाच जड होता. मेसच्या दारात आम्हाला पाहून मुलींनी जो गलका केला, तो ऐकून रेक्टरबाई रागवायला बाहेर आल्या आणि न रागावताच आत गेल्या.

उन्हाळ्यात मी परीक्षा देऊन एकटीच गावी गेले. वस्तीतल्या बाया गोळा झाल्या. पहिलं विचारलं ते हेच की पाठराखीण कुठं आहे. मी सांगितलं, ती तिकडंच नांदून राह्यली. बापानं मान खाली घातली आणि गालातल्या गालात हसला. बाया मात्र हसल्या नाहीत. एकीनं विचारलं पगार किती, दुसरीनं विचारलं खोलीला खिडकी आहे का.

शेजारची काकू सगळ्या पांगल्यावर पोरीला घेऊन आली. तिची पोरगी त्या साली मॅट्रिकला गेली होती. काकू बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत बसली, मग उठता उठता म्हणाली, "फुडल्या साली हिचंबी नाव घालावं म्हणून राह्यले. तुझी आत्या येईल का गं हिच्यासंगं?"

मी म्हणाले, "आत्या कशाला येईल, काकू? ती तितंच हाय. तू पोरगी तेवढी धाड."