एवढा एक हंगाम

कॅन्टीनमध्ये फळांचा वाडगा घेतला की ते आधी त्यातली द्राक्षं चमच्यानं वेचायचे आणि सरळ माझ्या ताटात टाकायचे. विचारायची पद्धत नाही.

“तुम्हीच खावा ताई. ह्यातनं सुटायलाच तर मी जर्मनीला आलो.”

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, गावाचं नाव निघालं की विषय बदलणारा. आमचे हे दादा तासगावकडचे, घरची द्राक्षबाग. तिकडची माणसं बागेविषयी बोलताना फुलून येतात. यांचा चेहरा मात्र दाढ दुखायला लागल्यासारखा व्हायचा. लहानपणी कधी सहल नाही, कारण बाग. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकललं, कारण बाग. स्वतःच्या लग्नाचंही तसंच राहून गेलं. “वडील दर वेळी म्हणायचे, एवढा एक हंगाम जाऊ दे. आता मला सांगा, वेलाला कधी सुट्टी असते का?”

म्हणून इंजिनियर झाले आणि स्टुटगार्टला गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या आमच्या कंपनीत आले. इथं घर मिळणं म्हणजे काय असतं ते इथं राहणाऱ्यांना सांगायला नको. महिनोन् महिने हिंडल्यावर टेकडीवर एका म्हातारीच्या घराचा वरचा मजला मिळाला. घर बघायला गेले तेव्हा दाट धुकं होतं. राहायला गेल्यावर पहिल्याच सकाळी त्यांचा मला फोन आला. “ताई, आता खिडकी उघडली. समोर द्राक्षबाग आहे. माझा पाठलाग केलाय हिनं!”

मी इतकी हसले की ते चिडून फोन ठेवून मोकळे झाले.

म्हातारी ऐंशीच्या पुढची. सगळी आळी तिला ओमा म्हणायची, म्हणजे आजी. तिच्या घरामागचा उतार इतका उभा की तिथं यंत्र चढत नाही, दगडी पायऱ्यांवरून माणसानंच चढायचं. त्यावर तिच्या सासऱ्यानं लावलेला झिल्व्हानर होता. ही पांढऱ्या द्राक्षाची फार जुनी जात. शेजाऱ्यांनी ती कधीच काढून टाकून जास्त मागणी असलेल्या जाती लावल्या होत्या. ओमानं तेवढी ठेवली होती.

शरदात ती दारावर केरसुणी टांगायची. इकडची रीतच आहे ती: केरसुणी दिसली की समजायचं, या घरात घरची वाइन प्यायला मिळेल. बैठकीतलं सामान हलवून बाकं मांडायची, कांद्याचा केक भाजायची, आणि लोक मांडीला मांडी लावून बसायचे. दादा ताटल्या उचलायचे आणि स्वतः पाणी प्यायचे.

मी पहिल्यांदा झिल्व्हानर चाखला तो तिथंच, कान असलेल्या बुटक्या ग्लासातून. खरं सांगू? मला तो फिकाच लागला. ना फुलांचा वास, ना गोडवा. बटाटे धुताना येतो तसा एक मातीचा वास तेवढा मागं राहिला. माझं तोंड बघून ओमा म्हणाली, “झिल्व्हानर पुढं पुढं करत नाही. जिथं उभा असतो तिथल्या मातीसारखा होतो.”

“गेनाऊ!” म्हणजे ‘अगदी बरोबर’, असं दादा म्हणाले आणि माझ्याकडं वळून मराठीत पुटपुटले, “त्याचीच तर भीती वाटते.”

पुढं लांबच्या गार्चिंग गावातल्या एका संशोधन संस्थेत त्यांना नोकरी मिळाली. लहान मुलासारखे नकाशा घेऊन माझ्या टेबलाशी आले. “सपाट आहे सगळं. आसपास एक वेल नाही!” उन्हाळ्यात जायचं ठरलं. इकडं ओमाच्या मुलानंही आईला बजावलं होतं, येत्या शरदात शेवटची केरसुणी, मग बाग बंद. म्हणजे सगळ्यांचीच सुटका एकदम होणार होती.

त्याच हिवाळ्यात ओमा बर्फावर पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. छाटणी राहिली ती राहिलीच. एप्रिल उजाडला तेव्हा हॉस्पिटलमधून तिनं दादांना फोन केला, “तुझ्या घरी द्राक्षं होती ना? मग छाट की.”

दोन शनिवार-रविवार ते उतारावर होते. मी चहाचा थर्मास घेऊन गेले तर जॅकेट काढून फेकलेलं, ओठांवर शीळ, आणि कात्री अशी चाललेली की बघत राहावं. इतक्या आनंदात तो माणूस मला कधीच दिसला नव्हता. स्वतःला ते कळलंही नसावं.

आणि तिथंच घात झाला. आपल्याकडं वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे सगळ्या काड्या मुळापाशी उडवून वेल बोडका करायचा, आणि ऑक्टोबरमध्ये फळासाठी दुसरी. इथं छाटणी एकदाच. त्या वेळी जी लांब काडी राखायची, तिच्यावरच घड येतात. डोक्याला हे माहीत असतं, पण हातांना एप्रिल म्हटल्यावर खरडच आठवली. अख्ख्या उतारावर त्यांनी एक काडी शिल्लक ठेवली नाही.

ओमा वॉकर धरून घरी आली. खिडकीतून वर बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, “सगळंच गेलं.”

त्या वर्षी पानांचं रान माजलं, घड औषधालासुद्धा नाही. तिचा शेवटचा हंगाम यांच्या कात्रीनं खाल्ला होता. दादांनी गार्चिंगला नकार कळवला.

“अहो, ती काही रागावलेली नाही,” मी म्हटलं. “जा ना तुम्ही!”

“कसा जाऊ? शेवटची वाइन देणं लागतो मी तिला. एवढा एक हंगाम, ताई.”

हे शब्द कुणाचे, ते मला कळलं आणि वाईट वाटलं. त्यांना कळलं की नाही, कोण जाणे.

पुढच्या शरदात पीक चांगलं आलं, केरसुणी लागली, आळीतल्या म्हाताऱ्या डोळे पुसत निरोप घेऊन गेल्या. झालं, सुटले, असं वाटलं मला. पण फेब्रुवारी आला आणि हे पुन्हा कात्री घेऊन उतारावर! वेल समोर असताना न छाटता बसवतच नव्हतं त्यांना. मग फवारणी, मग तोडणी. उन्हाळ्याची सुट्टी गेली, गुडघे गेले. त्याच्या पुढच्याही वर्षी तेच. बागेला शिव्या घालत घालत बागेतच. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

गेल्या हिवाळ्यात ते पुतणीच्या लग्नाला गावी गेले. त्यांची पाठ वळताच ओमानं माणसं बोलावली आणि सगळे वेल उपटून टाकले. मी धावत गेले. ती खिडकीशी बसून बघत होती.

“हे काय केलंत? निदान त्याला सांगायचं तरी!”

“सांगितलं असतं तर त्यानं उपटू दिले असते?” ती म्हणाली. “मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी कात्री हातात दिली. म्हणाले, या शरदापर्यंत बघ. मला शिक्षिका व्हायचं होतं.” मग खिडकीकडं मान वळवून म्हणाली, “माझ्यासाठी कुणी उपटले नाहीत.”

दादा आले ते बॅग दारात टाकून तसेच वर चढले. मुळांच्या ढिगापाशी बसले. मी चेष्टेनं म्हटलं, “सुटलात की दादा!” त्यांनी मान डोलावली आणि पन्नाशीचा तो माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. खिडकीचा पडदा हलला, पण ओमा काही बाहेर आली नाही.

गार्चिंगला तोवर दुसरी जागा निघाली होती. वसंतात ते गेले.

परवा इथं दुपारी एकाएकी गारा पडल्या. काचांवर ताडताड आवाज सुरू होता, तेवढ्यात त्यांचा फोन. बातम्यांत बघितलं म्हणाले.

“ताई, आमच्याकडं पडली का गार? टेकडीवर?”

“पडली. पण तिथं आता नुसती माती आहे, दादा.”

“हो, हो. माहीत आहे मला.” मग हळूच विचारलं, “केवढी होती?”